आम्ही नऊ आहोत

शनिवारी भर उन्हात पनवेलहून सुकापूरकडे पायी निघालेला छप्पन्न वर्षांचा माणूस दिसला की लोक दोनच अर्थ लावतात. एक तर डॉक्टरने चालायला सांगितलंय, नाहीतर घरी भांडण झालंय. माझ्यासाठी वाटेत तीन रिक्षा थांबल्या आणि तिन्ही रिक्षावाल्यांच्या चेहऱ्यावर दुसरा अर्थ होता. मी हातानेच नको म्हणालो. रॉक कॉन्सर्टला चाललोय असं सांगितलं असतं, तर त्यांनी मला धरून घरी पोचवलं असतं.

रिक्षात न बसण्याचं कारण साधं होतं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत आमचा शब्बाथ. त्या वेळात काम नाही, वाहन नाही, मोबाइलला हात लावणं नाही. सगळे पाळतात असं नाही, मी पाळतो. देव आहे की नाही यावर माझं आणि झिल्पाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, पंचवीस वर्षांत एकमत झालेलं नाही. पण आठवड्यातून एक दिवस फोन बंद ठेवावा यावर झालंय. तिकिटाचा कागदसुद्धा तिने शुक्रवारी दुपारीच माझ्या शर्टाला आतून टाचून दिला, कारण शब्बाथला मी खिशात काही बाळगत नाही.

"बालवाडीत रुमाल टाचायचे तसं दिसतंय," ती म्हणाली. "हरवलात तर निदान कोणीतरी आणून तरी सोडेल."

बँडचं नाव 'काळा कातळ'. तुम्ही ऐकलं नसेल आणि त्यात तुमची काही चूक नाही. शहाण्णव साली त्यांची एक कॅसेट आली, नंतर दोन आल्या, मग भांडणं झाली आणि सगळं संपलं. मराठीत रॉक म्हणजे काहीतरी थट्टा, असं समजणाऱ्या लोकांशी मी तीस वर्षं वाद घातलाय. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. ध्वनीच्या धड्याला दर वर्षी अनुयाचं उदाहरण द्यायचो, आणि दर वर्षी पोरं विचारायची, सर, अनुया कोण? अनुया म्हणजे काळा कातळची गायिका. मी वैतागून पुढच्या गणिताकडे वळायचो.

सत्त्याण्णव साली माझे आईबाबा आणि धाकटा भाऊ कायमचे इस्राएलला गेले. मी राहिलो. नोकरी नवीन होती हे एक कारण, आणि हट्ट हे दुसरं. विमानतळावरून घरी आलो तर घरात आवाजच नव्हता. तेव्हा मी ती पहिली कॅसेट लावली. तिच्या दुसऱ्या बाजूला शेवटचं गाणं होतं, 'मिठागर'. नऊ मिनिटांचं. समुद्राचं पाणी वाफ्यात येतं, उन्हाने निघून जातं आणि खाली मीठ राहतं, एवढंच त्यात आहे. गेलेल्या पाण्याबद्दल गाणी खूप आहेत. मागे राहिलेल्या मिठाबद्दल मी तरी दुसरं गाणं ऐकलेलं नाही. त्या रात्री मी ते गाणं किती वेळा ऐकलं ते सांगणार नाही. हे गाणं बँडने स्टेजवर कधीच वाजवलं नव्हतं, कारण आयोजकांना इतकी लांब गाणी नको असायची.

आता सव्वीस वर्षांनी ते सगळे एका संध्याकाळपुरते एकत्र येणार होते, माथेरान रोडला नव्याने बांधलेल्या दगडी पायऱ्यांच्या अँफिथिएटरमध्ये, आणि जाहिरातीत शेवटची ओळ होती: 'मिठागर, प्रथमच रंगमंचावर.' घरापासून पाच किलोमीटर. हे माझ्यासाठीच ठरवलंय अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

फक्त त्याच संध्याकाळी मोशेकाकांच्या आईचं वर्ष होतं.

मोशेकाका आमच्या गल्लीत राहतात, वय चौऱ्याहत्तर. त्यांची आई सिपोराआजी गेल्या वर्षी पंच्याण्णवाव्या वर्षी गेली. माझे घरचे गेल्यावर दर शुक्रवारी संध्याकाळी तिने मला जेवायला बोलावलं. बोलावलं म्हणजे खिडकीतून हाक मारायची, आणि नाही गेलो तर ताट घेऊन स्वतः यायची. माझं लग्न होईपर्यंत चार वर्षं तिने एकही शुक्रवार चुकवला नाही. तिच्या वर्षाला मोशेकाका सिनेगॉगमध्ये कदीश म्हणणार होते. कदीश ही मुलाने गेलेल्या आईबापासाठी म्हणायची प्रार्थना, आणि ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा पुरुष हजर लागतात. त्याला आम्ही मिन्यान म्हणतो. नऊ असले तर पुस्तकं मिटून घरी जायचं.

पनवेलात एकेकाळी दहाचं काय, शंभरांचं मिन्यान व्हायचं. आता सगळे तिकडे गेले. मी सिनेगॉगचा सेक्रेटरी आहे, त्यामुळे दहा माणसं गोळा करणं हे माझं काम. पेणहून एकाला बोलव, खारघरहून दोघांना बोलव, ज्याचे गुडघे दुखतात त्याला घ्यायला गाडी पाठव, असं पंधरा वर्षं चाललंय. त्या गुरुवारी मी सगळ्यांना फोन केले, खुर्चीत मागे टेकून बसलो आणि मोजलं. आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. माणसाकडे बोट करून एक, दोन, तीन म्हणणं अशुभ समजतात. त्याऐवजी धर्मग्रंथातलं दहा शब्दांचं एक वचन आहे. एकेका माणसाला एकेक शब्द द्यायचा. वचन पुरं झालं की मिन्यान पुरं. मी डोळे मिटून एकेक चेहरा आठवत वचन म्हटलं. शेवटच्या शब्दाला पेणचा माणूस आला. पुरं झालं.

मी लगेच मोशेकाकांकडे गेलो.

"काका, दहा होतायत. मी मोजलंय. मी नसलो तरी चालेल."

"तू कुठे चाललास?"

"एक कार्यक्रम आहे. गाण्याचा."

"तुझा तो आरडाओरडा?"

मी हो म्हणालो. "आईचं वर्ष आहे, इनॉक," ते एवढंच म्हणाले. रागाने नाही म्हणाले, म्हणून जास्त लागलं. पण दहा होते. मी मोजले होते.

अँफिथिएटरच्या दारात सगळ्यांनी मोबाइल पुढे केले आणि मी शर्टाची दोन बटणं उघडली. सिक्युरिटीवाली बाई दचकली. मग तिने कागद पाहिला, माझ्या मनगटाला निळी कागदी पट्टी चिकटवली आणि म्हणाली, "अंकल, एकदा बाहेर गेलात की बँड कट होणार. रीएंट्री नाही हं."

"मी कशाला बाहेर जातोय?" मी म्हणालो.

ते दार वरच्या बाजूला, पार्किंगला लागून आहे. तिथून पायऱ्या अर्धगोलात खाली उतरत जातात, तळाशी स्टेज, आणि स्टेजच्या मागे मावळतीचं आकाश. पाठीमागे डोंगर. मी मधल्या पायरीवर जागा धरली. दगड दिवसभराच्या उन्हाने तापलेला होता. शेजारी एक तरुण जोडपं होतं, दोघांच्या अंगात काळे टीशर्ट. मुलीने मला बसायला जागा करून दिली.

"काका, तुमी एकलेच आलाव?"

"हो. तुम्ही?"

"आमी सुकापूरचे. मी निशा, ह्यो धनेश. ह्याच्या बापाकडं हाय ना कॅसेट, ती ऐकून ऐकून आमी येडे झालो."

कॅसेट. मला एकदम तिच्याबद्दल माया वाटली. मी सांगितलं, माझ्याकडेही आहे, आणि दुसऱ्या बाजूची टेप एका ठिकाणी चुरगळलीय, त्यामुळे 'मिठागर'मध्ये चौथ्या मिनिटाला आवाज बुडतो. धनेश म्हणाला, त्यांची सहाव्या मिनिटाला बुडते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे नातेवाईक भेटल्यासारखं पाहिलं.

सूर्य गेला. मी आकाशात तारे शोधू लागलो. एक दिसला, मग दुसरा. तिसराही सापडला, पण तो सरकायला लागला तेव्हा कळलं की ते नव्या विमानतळाकडे उतरणारं विमान आहे. खरा तिसरा तारा बऱ्याच वेळाने, डोंगराच्या वर दिसला. शब्बाथ संपला. मी मनातल्या मनात देवाला नमस्कार केला, आणि त्याच क्षणी स्टेजवरचे सगळे दिवे विझले.

पुढे जे झालं ते मला नीट सांगता येईल का, याची शंका आहे. तीस वर्षं मी फळ्यावर लहरी काढल्यात. आवाज म्हणजे हवेचा दाब, दाब कमी, दाब जास्त, असं मी हजारो पोरांना शिकवलंय. अंधारात ड्रमचा पहिला ठोका पडला आणि तो माझ्या कानात आलाच नाही. तो दगडातून आला. बसल्या जागी पायरी हलली, मग बरगड्या, मग दात, आणि कानांना सगळ्यात शेवटी कळलं. हवेपेक्षा दगडात आवाज वेगाने धावतो हे मी दर जूनमध्ये सांगतो. ते खरं आहे, हे मला त्या संध्याकाळी समजलं.

मग ठोका परत आला. पाठीमागच्या डोंगराने तो परत केला होता. ड्रमवाल्याला ते आधीच माहीत असावं, कारण त्याने दुसरा ठोका थोडा थांबून दिला, डोंगराचं वाजवून होईपर्यंत. तिसऱ्यालाही तसंच. पाच हजार माणसं गप्प बसून एक माणूस आणि एक डोंगर आळीपाळीने वाजवतायत ते ऐकत होती. मी सवयीने मनात सेकंद धरून अंतर काढायला लागलो, आणि मध्येच सोडून दिलं. मला लाज वाटली. समोर असं काही चाललेलं असताना मी गणित करत होतो.

दिवे लागले. अनुया उभी होती. केस पूर्ण पांढरे, पाठीवर मोकळे सोडलेले. अंगात साधा कुर्ता. मी कॅसेटच्या कव्हरवरचा तिचा चोवीस वर्षांचा फोटो ओळखत होतो, आणि ही माझ्याच वयाची बाई होती. क्षणभर मला भीती वाटली, की आवाजही म्हातारा झाला असला तर? मग तिने तोंड उघडलं.

आवाज म्हातारा झाला होता. पण कमी झाला नव्हता. पूर्वी ती वरचा सूर नुसती उडी मारून पकडायची; आता ती त्याच्याकडे चालत जात होती, आणि पोचेपर्यंत आपला जीव मुठीत. पोचली की पायऱ्या एकदम उभ्या राहायच्या. मीही उभा राहिलो. कधी राहिलो ते आठवत नाही. शैलेश म्हणून त्यांचा गिटारवाला आहे, टक्कल पडलेला, चष्मा लावलेला, एखाद्या पतपेढीचा मॅनेजर वाटावा असा. त्याने दुसऱ्या गाण्यात गिटारचा एक सूर धरला आणि सोडलाच नाही. तो सूर लांबत गेला, लांबत गेला, आणि मग माझ्या लक्षात आलं की आसपासचे लोक तोच सूर तोंडाने धरतायत. निशा, धनेश, खालच्या पायरीवरची काळ्या काचांच्या चष्म्यातली मुलं, सगळे. मी आयुष्यात फक्त सिनेगॉगमध्ये तोंड उघडलंय, तेही पुस्तकात पाहून. मीही तो सूर धरला. पाच हजार गळ्यांत माझा गळा कुठे आहे ते मला ऐकू येत नव्हतं, आणि त्याचा मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. धनेशने पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. असा आनंद मला कुठल्या प्रार्थनेत झालाय का, हे मी स्वतःला विचारलं, आणि उत्तर द्यायचं टाळलं.

असं सहा गाणी चाललं. सहावं संपल्यावर स्टेजच्या कडेने कोणीतरी वाकत वाकत आलं आणि अनुयाच्या हातात एक चिठ्ठी दिली. तिने ती दिव्याखाली धरली. आधीही एकदा चुकीच्या जागी लावलेल्या गाडीचा नंबर पुकारून झाला होता, त्यामुळे लोक हसायला लागले.

"इनॉक झिराडकर," ती माइकवर म्हणाली. "इनॉक झिराडकर आहेत का इथे?"

ज्या आवाजात मी तीस वर्षं राहिलो, त्या आवाजात माझं नाव आलं. डोंगराने ते परत केलं. झिराडकर, झिराडकर.

"तुमच्यासाठी वरच्या गेटवर लोक थांबलेत. त्यांनी एवढंच लिहिलंय." तिने चिठ्ठी पुन्हा पाहिली. "'आम्ही नऊ आहोत.'"

पाच हजार माणसं हसली. कोणीतरी ओरडलं, "दहावा कुठेय?" आणि आणखी हशा झाला. अनुयाही हसली. मी एकटाच हसलो नाही. मी डोळे मिटले आणि गुरुवारी खुर्चीत बसून म्हटलेलं वचन पुन्हा म्हटलं, चेहऱ्यांसकट. पंधरा वर्षं मिन्यान मोजताना मी पहिला शब्द स्वतःला देत आलोय. सवयच ती. गुरुवारीही दिला होता. दहातला पहिला मीच होतो, आणि मी इथे उभा होतो.

"काका," निशाने माझा दंड धरला, "तुमीच का ते?"

"हो."

"मंग जावा ना. काय झालंय घरी?"

"काही झालं नाही. माझी मोजण्यात चूक झाली."

तिला काय कळणार होतं? मी खाली पाहिलं. स्टेजवर शैलेश गिटार बदलत होता. नवीन गिटार काळी आणि जड होती. धनेश माझ्या कानाशी लागून म्हणाला, "काका, ही गिटार मिठागरची हाय. दोन गाणी झाली की तेच. थांबा ना थोडं."

खरं सांगतो, मी थांबलो. अर्धा मिनिट असेल. लपून राहता आलं असतं. पाच हजारांत मला कोण शोधणार होतं? मोशेकाकांना सांगता आलं असतं, ऐकू आलं नाही. आणि मला हवं होतं ते एकच होतं, नऊ मिनिटांचं, आणि ते परत कधीच होणार नव्हतं. कदीश तरी कुठे परत होणार होता? वर्षाचा दिवस एकच असतो. सिपोराआजी कधीतरी अर्ध्या मिनिटासाठी तरी थांबली होती का, की आज राहू दे, नको ताट घेऊन जायला, असं म्हणून? मी निशाला आणि धनेशला नमस्कार केला आणि पायऱ्या चढायला लागलो. लोक हसत वाट देत होते. "दहावा, दहावा," असं कोणी कोणी म्हणत होतं.

दारात त्याच बाईने माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला. तिने कात्रीने निळी पट्टी कापली.

बाहेर पार्किंगच्या कडेला, गवतावर, नऊ जण उभे होते. पांढरे शर्ट, डोक्यावर टोप्या. अवीच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी होती आणि तिच्यात प्रार्थनेची पुस्तकं. अवी माझा मावसभाऊ, त्याच्याच मोठ्या गाडीतून यातले बरेच जण आले होते. मला वाटलं होतं, आता मोशेकाका बोलणार. ऐकून घ्यायची तयारी ठेवूनच मी गेलो.

"मोजताना स्वतःला धरलंस ना?" ते म्हणाले.

"हो, काका."

"मीही एकदा धरलं होतं. सत्तर-एकाहत्तर साली." त्यांनी पिशवीतून पुस्तक घेतलं. "पण मी तेव्हा सिनेगॉगमध्येच होतो."

अवीने भरभर सांगितलं, की पाऊण तास वाट पाहिली, फोन लागेना, शेवटी प्रार्थनेनंतरचं खाणं घेऊन झिल्पा आली तेव्हा तिने पत्ता दिला. परत सिनेगॉगला जायला वेळ नाही. पेणवाल्याची नऊची एस.टी. आहे आणि माथेरान रोडला गाड्या हलत नाहीयेत. जिथे दहा जण जमतील तिथे प्रार्थना होते. इथेच करू. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "झिल्पा म्हणत होती, एका गाण्यासाठी गेलायस. झालं का ते?"

"नाही."

"आत परत सोडणार नाहीत?"

मी त्याला मोकळं मनगट दाखवलं. मोशेकाका पुस्तकाची पानं उलटत होते. त्यांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही.

"पश्चिम कुठे?" त्यांनी विचारलं.

आम्ही यरुशलेमकडे तोंड करून प्रार्थना करतो, म्हणजे इथून पश्चिमेकडे. मी हात केला. पश्चिमेला पत्र्याचं कुंपण होतं, त्याच्यापलीकडे पायऱ्या आणि त्यांच्या तळाशी स्टेज. दिसत काहीच नव्हतं. फक्त पत्र्याच्या वर झाडांचे शेंडे निळे व्हायचे, मग लाल व्हायचे. दहाही जण त्या पत्र्याकडे तोंड करून उभे राहिलो. मोशेकाका पुढे. त्यांनी सुरुवात केली आणि आम्ही मागून म्हणू लागलो. पलीकडे सातवं गाणं चालू होतं आणि आठवं चालू झालं. मोशेकाकांनी आवाज चढवला. शेजारी एक ड्रायव्हर गाडीच्या बोनेटवर बसून आमच्याकडे पाहत होता. काही वेळाने तो खाली उतरून नीट उभा राहिला.

पहिला भाग संपला, आठवं गाणंही संपलं. आता उभ्याने करायची मुख्य प्रार्थना. ती मनातल्या मनात म्हणायची असते. दोन्ही पाय जुळवून, न हलता, न बोलता. मोशेकाकांनी पाय जुळवले. पलीकडे सगळं शांत झालं होतं. आणि त्या शांततेत गिटारची सगळ्यात जाड तार वाजली. एकदाच.

मी ती तार कुठेही ओळखली असती. माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असावा, कारण अवीने वळून पाहिलं आणि पुढे मोशेकाकांनीही मान वळवली. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पुढे वळले आणि प्रार्थना सुरू केली. आम्ही दहा जण गप्प झालो.

अनुया गायला लागली. शब्द पत्र्यावरून येत होते, अंधारातून येत होते आणि मागच्या डोंगरावरून पुन्हा येत होते, त्यामुळे ती आमच्या चारही बाजूंना गात होती. आत असतो तर ती फक्त समोरून गायली असती. मी पुस्तकातली ओळ वाचायचा प्रयत्न केला; एकही अक्षर लागलं नाही. पाणी वाफ्यात आलं. ऊन वाढलं. माझ्या कॅसेटमध्ये जिथे आवाज बुडतो तिथे तो बुडला नाही. तिथे एक अख्खी ओळ होती, आणि ती मी तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली. ती इथे लिहीत नाही. माझ्या बाजूला पेणचा माणूस होता, ज्याची चारही मुलं तिकडे आहेत. पलीकडे अवी. पुढे आईचं वर्ष करायला निघालेला चौऱ्याहत्तर वर्षांचा मुलगा. सगळे मागे राहिलेले. मला वाटलं, हे गाणं ऐकण्यासाठी याहून बरोबर जागा जगात नाही, आणि ती जागा मी स्वतःहून कधीच निवडली नसती.

ही प्रार्थना वाचायला मोशेकाकांना तीन मिनिटंही लागत नाहीत. भरभर वाचण्याबद्दल ते प्रसिद्ध आहेत. ती संपली की प्रत्येकाने तीन पावलं मागे यायचं, राजासमोरून निघताना येतात तसं. पुढे उभा असलेला माणूस मागे आला की प्रार्थना पुढे सरकते. तोवर सगळ्यांनी थांबायचं. पाच मिनिटं झाली. माझ्या आजूबाजूची पुस्तकं मिटली गेली होती. मी मोशेकाकांच्या पाठीकडे पाहत होतो. त्यांचंही पुस्तक मिटलेलं होतं. हात खाली होते. उजवा गुडघा दुखतो म्हणून ते एरवी दोन मिनिटं नीट उभे राहत नाहीत. आता पाय जुळवून, त्या पत्र्याकडे तोंड करून, ते तसेच उभे होते. सहा मिनिटं. सात. गाण्यात पाणी निघून गेलं. गुडघ्याला कंप सुटलेला मला मागून दिसत होता. एकही पाऊल मागे आलं नाही.

शेवटचा सूर डोंगराकडून परत आला आणि विरला. पत्र्यापलीकडे पाच हजार माणसांचा गजर उठला.

तेव्हा मोशेकाकांनी तीन पावलं मागे घेतली. एक, दोन, तीन, प्रत्येक पाऊल जपून. त्यांच्या मागोमाग आम्ही आलो. त्यांनी डोळे पुसले आणि सिपोराआजीसाठी कदीश सुरू केला. गजर थांबत नव्हता, त्यामुळे त्यांना ओरडूनच म्हणावं लागत होतं. जिथे आमेन यायचं तिथे आम्ही नऊ जण आमेन म्हणालो, आणि माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.